२४ व्या वर्षी अपस्माराचं निदान झालंय. आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या हे मनाने कसं स्वीकारायचं?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, "घरचे म्हणतात लग्न ठरेपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस." त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसले. गोळ्यांचं सांगतेच पुढे.

मला पहिली फिट सतराव्या वर्षी आली, बारावीच्या प्रिलिमच्या सकाळी, रात्रभर जागून अभ्यास केल्यावर. त्याआधी वर्षभर सकाळी हातातून ब्रश, कप उडायचे आणि घरात मी 'वेंधळी' ठरले होते. एमआरआय नॉर्मल, ईईजीत म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत दोष निघाला. सोडियम व्हाल्प्रोएटची गोळी सुरू झाली आणि पुढे पाच-सहा वर्षं एकही फिट नाही. २००८ साली इचलकरंजीचं स्थळ आलं, मावशीने जमवलेलं. तिने आईला बजावलं, "फिटबिट काही बोलायचं नाही. लग्नानंतर आपोआप जातात या गोष्टी."

आता गोळ्या सासरी न्यायच्या कशा? नाव कुणी वाचायला नको म्हणून मी सगळ्या गोळ्या पाकिटातून फोडल्या आणि मेतकुटाच्या रिकाम्या बरणीत भरल्या. व्हाल्प्रोएट हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून तर ती गोळी फॉइलमध्ये येते, हे मला कुठे माहीत! आषाढात बरणीच्या तळाशी चिकट लगदा झाला. दोन दिवस चमच्याने खरवडून खाल्ला, मग सोडलं. नव्या सुनेने एकटीने मेडिकलमध्ये जाऊन चिठ्ठी दाखवायची, हे तेव्हा आमच्या गल्लीत शक्य नव्हतं. म्हटलं, मंगळागौर झाली की माहेरी जाईन, तेव्हा आणू.

मंगळागौरीला दिवसभर पोटात धड काही नाही, रात्रभर जागरण, आणि आठ दिवस गोळी बंद. मुद्दाम फिट आणायची म्हटली तरी याहून चांगली तयारी होणार नाही. पहाटे फुगडी घालताना पडले. पुढचं मला आठवत नाही, नणंदेने सांगितलं.

आधी सगळ्यांना वाटलं अंगात आलं. नऊवारी, सुटलेले केस, वर गेलेले डोळे, घशातून आवाज. एका आजींनी मळवट भरला, दुसऱ्या "कोण आहेस? काय पाहिजे?" विचारत होत्या. फेसात रक्त दिसलं तेव्हा देवी गेली आणि चप्पल आली. मग कांदा, मग किल्ल्यांचा जुडगा. कुणीतरी दातात डावाचा दांडा कोंबला, माझा समोरचा दात अजून अर्धाच आहे. (यातलं काहीही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर गाडी काढायची. तुमच्या घरच्यांना आजच हे सांगा.) शुद्धीवर आले तेव्हा कुंकू कानात गेलेलं आणि ओटीत नारळ.

आठवड्याभरात चुलत सासरे सोडचिठ्ठीवर आले. वकिलांनी सांगितलं की अपस्मार हे कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकलंय. तुम्ही लपवलंत, त्यावरून मात्र फसवणुकीचा दावा होऊ शकतो. म्हणजे बघा, आजाराने माझं लग्न मोडणार नव्हतं, बरणीने मोडलं असतं. नवऱ्याने एकच विचारलं, "पहिल्याच दिवशी दाखवली असतीस तर?" मला उत्तर नव्हतं. नंतर डॉक्टरकडे तोच आला, आणि फिट कधी आली, किती मिनिटं चालली हे कॅलेंडरच्या मागे तोच लिहू लागला.

आता तुमचा प्रश्न. मन वगैरे मानत नाही हो. सवय होते. माझी गोळी देवाजवळच्या काडेपेटीशेजारी असते, दिवा लावला की आठवतेच. आणि 'आयुष्यभर' हे तुम्हाला कुणी सांगितलं? नीट औषध मिळालं तर १०० तले ७० जण फिटशिवाय जगू शकतात, आणि दोन वर्षं फिट आली नाही की गोळी हळूहळू कमी करायचा विचार डॉक्टर करतात. सगळ्यांची मात्र सुटत नाही. माझा प्रकार जुव्हेनाइल मायोक्लोनिक, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, हात झटक्याने उडवणारा, त्यात औषध बंद केलं की फिट बहुधा परत येते. २०१४ साली डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करून पाहिलं, चौथ्या महिन्यात न्हाणीघरात पडले. तो विषय संपला.

मुलगी आहात म्हणून एक. व्हाल्प्रोएट चालू असेल तर गरोदरपणाचा विचार व्हायच्या कितीतरी आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला, बाळाला धोका असतो. पण आपल्या मनाने बंद करू नका. माझं बदलून लेव्हेटिरासेटाम केलं, सोबत फॉलिक अॅसिड. लेव्हेटिरासेटामने माझी इतकी चिडचिड व्हायची की सासूबाई म्हणायच्या, सून फिटेत बरी होती.

गावभर सांगत फिरा असं मी म्हणत नाही. ऑफिसात मी दोघींनाच सांगितलंय. सांगितल्यावर स्थळं जातातही, माझ्या मामेबहिणीची दोन गेली. आणि सगळ्यांना माझ्यासारखा नवरा मिळेल याची हमी मी कशी देऊ? पण लग्नाच्या माणसापासून लपवायचं नाही, यावर मी मावशीशी सतरा वर्षं भांडतेय. ती दर दिवाळीला ऐकवते, "मी तोंड उघडू दिलं नाही म्हणून संसार झाला तुझा." मी म्हणते, संसार मंगळागौरीनंतर सुरू झाला.

गेल्या महिन्यात तिच्या नातीला थायरॉइड निघालं. मावशीचा मला फोन, "अगं, त्या गोळ्या पाकिटातून काढून डबीत ठेवल्या तर चालतात का?"