गुंतवळ, थंडी आणि न हलणारा काटा

प्रश्न : ताई, माझं वय ३८. चार महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी पोटाची बायपास (जठर छोटं करायची शस्त्रक्रिया) झाली, २६ किलो उतरले. टाक्यांचं दुखणं, पातळ आहार हे सगळं सांगितलं होतं तसंच झालं. पण आता जे होतंय ते कुणी बोललंच नव्हतं. फणीत मूठभर केस येतात. इतरांना उकडत असतं तेव्हा मी शाल पांघरून बसते. दोन-तीन चमचे गोड खाल्लं की पंधरा मिनिटांत घाम आणि धडधड, आडवंच व्हावं लागतं. पायावर पाय टाकून बसले की डावं पाऊल बधिर होतं. वर्षानुवर्षं अनियमित असलेली पाळी अचानक वेळेवर येतेय. आणि तीन आठवडे काटा जागचा हललेला नाही. सगळे ‘किती छान दिसतेस’ म्हणतात आणि मी रात्री रडते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, ‘तूच करून घेतलंस ना?’ माझं काही चुकलं का? (आता पित्त होत नाही, म्हणून पित्ताच्या दोन्ही गोळ्या मीच बंद केल्यात.)

उत्तर : तुमचं चुकलेलं एकच दिसतं, आणि ते तुम्ही कंसात लिहिलंय. म्हणून आधी गोळ्यांचं बोलते.

‘पित्त’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. छातीत जळजळतं ते जठरातलं आम्ल. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठतं ते खरं पित्त. तुमच्या दोन गोळ्या बहुधा या दोन वेगळ्या गोष्टींसाठी असाव्यात. आम्लाची गोळी देतात ती जळजळीसाठी नव्हे. जठराची छोटी पिशवी आतड्याला जोडली आहे, त्या जोडावर व्रण होऊ नये म्हणून ती असते. दुसरी बहुतेक अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची असेल. चरबी झपाट्याने वितळते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. खाणं कमी असल्यामुळे पित्ताशय पुरेसं आकुंचन पावत नाही, पित्त साचतं आणि खडे होतात. म्हणून ही गोळी साधारण सहा महिने देतात. तुमचे अजून चारच झालेत. उद्या नको, आजच सर्जनना फोन करा आणि कोणती गोळी पुन्हा सुरू करायची ते विचारा. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीकडे जात असेल, तर तेही सांगा. जोडाशी निगडित आणखी एक : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू या दोन्हींनी तिथे व्रण होतात. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल.

आता केस. शस्त्रक्रियेचा ताण आणि घटलेलं वजन यांमुळे डोक्यावरचे पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या टप्प्यात जातात, आणि तो टप्पा साधारण तीन महिन्यांचा असतो. म्हणजे आज फणीत येणारी गुंतवळ ही शस्त्रक्रियेच्या आसपासच्या दिवसांची आहे, कालच्या जेवणाची नाही. मूळ जिवंत असतं, केस परत येतात. गळती सहसा तीन ते सहा महिने चालते. त्याहून लांबली, किंवा शस्त्रक्रियेनंतर सहा महिने उलटल्यावर नव्याने सुरू झाली, तर मात्र लोह, जस्त, प्रथिनं आणि थायरॉईड तपासायलाच हवं. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. चार महिन्यांत एका वेळी जेमतेम अर्धी-पाऊण वाटी जात असणार, तेव्हा घासांचा क्रम महत्त्वाचा : आधी अंडं, मासा, पनीर किंवा घट्ट दही, मग भाज्या, पिष्टमय पदार्थ सर्वांत शेवटी. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर रक्ततपासणीच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवा. थायरॉईडसकट काही चाचण्यांचे आकडे ते चुकवतं.

गोड खाल्ल्यावर होतं त्याला डम्पिंग म्हणतात. जठराच्या तळाशी एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. बायपासमध्ये अन्न त्या वाटेने जातच नाही. साखर एकदम लहान आतड्यात उतरते, तिला पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, आतड्याची संप्रेरकं उसळतात. मग घाम, धडधड, पोटात मुरडा, कधी जुलाब. आडवं व्हायचं, अर्ध्या-पाऊण तासात ते ओसरतं. इथे पुष्कळजणी एक चूक करतात : साखर कमी झाली असं समजून वरून साखरपाणी पितात, आणि त्रास दुप्पट होतो. खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत होणारा हा प्रकार साखर कमी झाल्याचा नसतो. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी हातापायांना कापरं भरलं, डोकं गरगरलं, तर ते वेगळं. तिथे इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटल्याने साखर खरोखर उतरते. हे बहुधा वर्ष उलटल्यावर दिसू लागतं. ग्लुकोमीटरने मोजा. ७०च्या खाली असेल तर थोडी साखर आणि लगेच काहीतरी प्रथिनयुक्त खा, आणि डॉक्टरांना कळवा. दोन्ही टाळायचे उपाय जवळपास सारखेच : गोड पेयं बंद, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, लहान चमचा, वीस-तीस मिनिटांचं जेवण. जेवताना मध्येच उचकी, शिंक किंवा नाकाला पाणी आलं तर तिथेच थांबा. नव्या पिशवीची ‘पुरे’ म्हणायची ती एक पद्धत आहे. पुढचा घास फेसाळून परत येतो.

पाऊल बधिर होण्याचं कारण ऐकून नवल वाटेल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून एक नस पोटरीत उतरते. तिच्यावरची चरबीची गादी वितळली, आता पायावर पाय टाकला की ती थेट हाडावर दबते. पायावर पाय टाकणं आणि बराच वेळ उकिडवं बसणं आजपासून बंद. पाऊल वर उचलता येईना किंवा चालताना बोटं फरपटायला लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पण दोन्ही पावलांना मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, आणि सोबत दिवसचे दिवस उलट्या, असं असेल तर ती दबलेली नस नव्हे. ती थायामिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी तातडीच्या विभागात जाऊन स्पष्ट सांगा : ‘माझी वजनासाठी पोटाची बायपास झाली आहे, ग्लुकोजच्या सलाईनआधी थायामिन द्या.’ हे वाक्य घरातल्यांनाही पाठ असू दे. थांबून चालत नाही असं आणखी एक दुखणं म्हणजे पोटात मुरडून येणारी, न थांबणारी कळ. बायपासनंतर काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही, आतडं आतल्या फटीत अडकू शकतं.

थंडीचं कारण साधं : अंगावरचं पांघरूण गेलं आणि शरीराने भट्टीही मंद केली. तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहून घ्या. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल आणि तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या घेत असाल, तर जुना डोस आता जास्त होत असेल. तो डॉक्टरांकडून कमी करून घ्या. कठीण खुर्चीवर माकडहाड दुखायला लागलं तर उशी घ्या. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पाळी वेळेवर आली म्हणजे बीजं पुन्हा नियमित सुटायला लागली असावीत. मूल हवं असेल तर आनंदच आहे, पण शस्त्रक्रियेनंतर पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, कारण शरीर अजून झिजतंय आणि बाळाला पोषण अपुरं पडतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. कॉपर-टीसारखा, पोटातून न जाणारा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

काट्याचं म्हणाल तर वजन पायऱ्यापायऱ्यांनीच उतरतं. पाळीआधी साठलेलं पाणी, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेला व्यायाम, एवढ्यानेही तो अडून बसतो. आठवड्यातून एकदाच वजन करा, महिन्यातून एकदा टेपने कंबर, मांडी, दंड मोजा. काटा हलावा म्हणून खाणं आणखी कमी केलंत तर स्नायू झिजतील आणि केसही आणखी गळतील. त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा हलकी वजनं उचला, आणि दिवसभरात घोटाघोटाने दीड लिटर पाणी जातंय ना ते पाहा.

आता रडणं. वर्षानुवर्षं थकवा, राग, एकटेपणा सगळं खाण्यात विरत होतं. तो आधार चार महिन्यांपूर्वी एका सकाळीत काढून घेतला गेला, आणि त्याच्या जागी अजून काही आलेलं नाही. हे सुतक धरण्यासारखंच दुःख आहे. त्याची लाज वाटू देऊ नका. त्यात कौतुक टोचतं, कारण त्या कौतुकाचा दुसरा अर्थ ‘आधी छान नव्हतीस’ असाही निघतो. आरशात अजून जुनीच बाई दिसत असेल तर तेही नेहमीचं आहे. मेंदूला शरीराचा नवा नकाशा काढायला बराच काळ लागतो. नवऱ्याला रात्री रडताना नका सांगू. शांत वेळी एवढंच म्हणा : ‘निर्णय माझा होता आणि तो मला चुकीचा वाटत नाही. मला उपाय नको, दहा मिनिटं ऐकून घे.’ पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. हेच सगळं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बोलण्याची धार कमी होते. मात्र दोन आठवडे बहुतेक दिवस उदास जात असतील, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी. आणि मन हलकं करायला दारू नकोच : बायपासनंतर ती झपाट्याने चढते आणि खाण्याची जागा सहज घेते.

तपासणीला जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर आहे ना, आणि कॅल्शियम ‘सायट्रेट’ प्रकारचंच आहे ना, ते विचारा. बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉईड (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) यांचे आकडे वहीत लिहून ठेवा. आणि रडण्याचं तुम्ही पत्रातल्यासारखं सर्वांत शेवटी सांगाल, दारातून निघता निघता. तसं नको. खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य तेच बोला.