सव्हानाला गाडी घेऊन की गाडीशिवाय? आणि पैसे कुठून?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी लिहिलं आहे. लग्नाला नोव्हेंबरच्या शेवटी दहा वर्षं होतील. आजवर दोन मुलांना घरी ठेवून दोघंच असे कुठे गेलेले नाहीत. जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला तीन रात्री जायचं मनात आहे. ताईंना जुन्या गावातल्या एखाद्या इनमध्ये, म्हणजे छोट्या हॉटेलात, राहून पायी फिरायचंय. त्यांच्या मिस्टरांचं म्हणणं, विमानतळाजवळ पूलरला स्वस्त हॉटेल घेऊ आणि गाडी भाड्याने घेऊ. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ताई त्याच्यावर मिळणाऱ्या जोडीदाराच्या एच-४ वर, त्यांचा कामाचा परवाना अजून आलेला नाही. महिन्याचा खर्च ४,६०० डॉलर, त्यातच साताऱ्याला आईवडिलांना पाठवायचे ४०० धरलेले. बँकेत ११,००० आहेत, दरमहा ७०० शिल्लक राहतात. "बँकेतले काढू, की प्रवासाचे पैसे बिनव्याजी हप्त्यांत भरू?" असं त्या विचारतात.

ताई, जा. नक्की जा, आणि गाडीशिवाय जा. मात्र बँकेतल्या ११,००० ला हात लावू नका, हप्तेही नकोत, आणि नोव्हेंबरही नको.

आधी गाडीचा हिशेब, कारण घरातला वाद तिथेच आहे. पूलरचं हॉटेल १२० डॉलर रात्र, गावातलं इन २३०. तीन रात्रींचा फरक ३३०, आणि मिस्टरांच्या डोळ्यांसमोर तेवढाच आकडा आहे. पण तुम्हीच पाठवलेले दर धरून मी दोन्ही बाजू पूर्ण मांडल्या. सव्हानात खोलीवर साधारण १५ टक्के कर लागतो, शिवाय जॉर्जिया राज्याची रोज ५ डॉलर फी. तो धरला की पूलरचे ३६० होतात ४२९. चार दिवसांची गाडी २६०, पेट्रोल ४०, गावात पार्किंग तीन दिवसांचं ६०, दोघांचं विमान ५२०. एकूण १,३०९. इनचे ६९० करासकट होतात ८०९, त्यात विमानाचे ५२० आणि विमानतळावरून जाण्यायेण्याच्या टॅक्सीचे ७० धरले की साधारण १,४००.

म्हणजे फरक उरला ९० डॉलरचा. इनमध्ये सकाळचा नाश्ता धरलेला आहे असं तुम्ही लिहिलंय, पूलरला नाही. दोन माणसांचे तीन नाश्ते बाहेर केले तर ते ९० तिथेच जातात.

भाडेगाडीच्या काउंटरवरच्या विम्याबद्दल तर मी अजून बोललेलोच नाही. काही वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला, मूल खांद्यावर झोपलेलं असताना, मी अशाच एका काउंटरवर चार सह्या केल्या आणि घरी आल्यावर कळलं की माझ्या रोजच्या गाडीच्या पॉलिसीत ते सगळं आधीच होतं. कुठे दुसरीकडे गाडी घ्यायची वेळ आलीच, तर आधी तुमच्या विमा कंपनीला फोन करून विचारून ठेवा.

शिवाय हे गाव गाडीसाठी बांधलेलंच नाही. जेम्स ओगलथॉर्पने १७३३ मध्ये ते वसवलं ते चौकाचौकांनी: मध्ये झाडांचा चौक, भोवती घरं, दोन-तीन मिनिटं चाललं की पुढचा चौक. असे २४ चौक होते, आज २२ आहेत. १९५४ मध्ये एलिस चौकातला जुना बाजार पाडून तिथे पार्किंगची इमारत उभी केली. गावाला ते इतकं लागलं की पुढच्याच वर्षी सात बायकांनी मिळून जुनी घरं वाचवायला संस्था काढली. तो चौक २०१० मध्ये पुन्हा खुला झाला, आणि गाड्या आता त्याच्या पोटात, जमिनीखाली लागतात. तुम्हाला ज्या चौकांतून हिंडायचंय, ते उरले ते अशा माणसांमुळे.

पाय दुखले तर जुन्या गावात डॉट नावाची बस फिरते, ती फुकट. नदीवरची सव्हाना बेल्स फेरीबोटही फुकट. संध्याकाळी तिने पलीकडे जाऊन परत या. पैसे न देता मिळणारं गावाचं सगळ्यात छान दर्शन ते. राहायचं मात्र अगदी नदीला चिकटून नको. रिव्हर स्ट्रीटचे दगड जहाजांतून वजनासाठी आणलेले, उतार तीव्र, दगडी पायऱ्या उंच आणि ओबडधोबड. चाकांची बॅग तिथे ओढताच येत नाही, उचलावी लागते. चिपेवा किंवा मॅडिसन चौकाच्या आसपास बघा. तिथून नदी एका बाजूला आणि फोर्सिथ पार्क दुसऱ्या बाजूला, दोन्ही पायी.

नदीकाठच्या त्या उंच विटांच्या इमारती म्हणजे कापसाच्या दलालांच्या पेढ्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, इथला कापूस बाहेर जाईना, आणि त्याच वेळी मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. तो पैसा मुंबईतल्या बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपनीच्या शेअरांत ओतला गेला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. मी माझ्या कामात ही गोष्ट लोकांना नेहमी सांगतो. त्या इमारतींखाली उभा राहिलो तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. कारण तो कापूस वेचणारी माणसं गुलाम होती. ओवेन्स-थॉमस हे जुनं, आता संग्रहालय असलेलं घर बघाल तेव्हा आधी मागची गुलामांची खोली बघा, छताला अजून त्या काळचा निळा रंग आहे. मग पुढचा दिवाणखाना.

टायबी बेटाचा समुद्र सुमारे १८ मैलांवर आहे आणि गाडीशिवाय ती एकच खरी अडचण. एका दिवसाची जाण्यायेण्याची टॅक्सी, ९० डॉलर बाजूला ठेवा. परतीची गाडी दुपारीच ठरवून ठेवा, संध्याकाळी बेटावरून मिळायला वेळ लागतो. नको वाटलं तर टायबी सोडून द्या, काही बिघडत नाही.

आता पैसे. खाणं ३००, टायबी ९०, तिकिटं ८० धरली तर सगळं मिळून १,९०० च्या आत बसतं. तुमच्या ११,००० मध्ये अडीच महिन्यांचाही खर्च नाही. दुसऱ्या घरात मी कदाचित म्हटलं असतं, त्यातले काढा आणि भरून टाका. तुमच्या घरात नाही म्हणतो. एच-१बी वरची नोकरी गेली तर हातात फार तर ६० दिवस असतात. त्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं, घरभाड्याचा करार मोडायचा, चार तिकिटं काढायची, कारण तुमची मुलं आहेतच. तुमचा एच-४ त्यांच्या व्हिसावरच उभा आहे. तो पैसा तुमच्या घराचं छप्पर आहे, ताई.

हप्ते बिनव्याजी असले तरी आज घेतलेलं कर्ज ते कर्जच. एक हप्ता चुकला की दंड, कधी मागचं व्याजही लावतात. कोणता हप्ता कुठल्या कार्डाचा हे लक्षात ठेवण्याचं ओझं तुमच्याच डोक्यावर येणार.

म्हणून असं करा. हा ऑगस्ट आहे. ७०० पैकी दरमहा ३२० एका वेगळ्या बचत खात्यात, नाव 'सव्हाना'. उरलेले ३८० छपरात. जानेवारीअखेर सव्हानाचे १,९२० आणि छप्पर १३,२८० होतं, म्हणजे जवळजवळ तीन महिने. नोव्हेंबरपर्यंत नुसते साडेनऊशे जमतात. त्यात तुमच्या लग्नाचा वाढदिवस थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात येतो आणि तुम्हीच कळवलंय की तेव्हाचं विमान माणशी ४१० आहे, फेब्रुवारीचं २६०. दोघांचे ३०० तिथेच वाचतात. मार्चमध्येही नको, तेव्हा सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीसाठी गाव तुडुंब भरतं.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, रविवार ते बुधवार. स्वेटर पुरतो, एडिसनसारखा बर्फ नसतो, कॅमेलिया फुललेल्या असतात. इनची खोली रद्द करता येईल अशाच दरात घ्या, दहा-पंधरा डॉलर जास्त गेले तरी चालतील. विमानाचं तिकीट डिसेंबरमध्ये, खात्यात पैसे दिसल्यावरच काढा. थेट विमान कंपनीकडून काढलेलं तिकीट २४ तासांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात, प्रवास सात दिवसांहून पुढे असला पाहिजे एवढंच. तेवढ्या वेळात मुलांना कोण सांभाळणार हे पक्कं करून घ्या. त्या खर्चाचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. मैत्रिणीकडे ठेवणार असाल तर तिच्यासाठी काहीतरी आणायचे ५० डॉलर त्या खात्यात आत्ताच वाढवा.