चौथीतला मुलगा दुसरीचा धडा अडखळत वाचतो

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. तो अक्षर अक्षर लावून वाचतो आणि हातच्याची वजाबाकी चुकवतो. शिक्षक शाळा सुटल्यावर जादा तास घेण्यास तयार आहेत. तरीही शिकवणी लावावी का? — एक पालक, तासगाव

उत्तर : शिकवणीची घाई करू नये. तेथे बहुधा चौथीचाच गृहपाठ उरकून घेतला जातो आणि मुलाची अडचण तर दुसरीच्या पातळीवर आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत समजून वाचणे व मूलभूत गणित येणे अपेक्षित आहे, तेव्हा शिक्षकांचा जादा तास हा उपकार मानून संकोचण्याचे कारण नाही. मात्र त्या तासाची सुरुवात दुसरीच्या पुस्तकापासून व्हावी, असे त्यांना आवर्जून सांगा.

52 मधून 27 वजा करताना तो 35 लिहीत असेल, तर तो 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2 वजा करतो आहे. अशा वेळी दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्या व एक जुडी त्यालाच सोडू द्या. घरी रोज पंधरा मिनिटे, द्राक्षबागेच्या छाटणीच्या धांदलीतही, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जोडाक्षरावर अडला तर लगेच सांगू नका. डोळे मात्र आधी तपासून घ्या. काही महिन्यांनंतरही अक्षरांची गल्लत कायम राहिली, तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीची) तपासणी करण्याविषयी शाळेशी बोलावे.