रत्नागिरीतल्या आमच्या आठ जणांच्या सागरी जीवशास्त्र लॅबला एकच सर्व्हर पुरेल का?

नाही पुरणार. आधी साठवणीचा हिशेब करा. सूक्ष्मदर्शकाची 2048 × 2048 पिक्सेलची 16 बिटची एक प्रतिमा 8 एमबी. तीन रंग आणि नमुन्यातल्या वेगवेगळ्या खोलीवरचे 50 थर घेतलेत की एकाच नमुन्याचे 1.2 जीबी!

प्रतिमा साठवायला ओमेरो हे सॉफ्टवेअर बघा. मुक्त स्रोत आहे, मूळ फाइल जपतो, ब्राउझरमध्ये दाखवतो. त्याचा डेटाबेस एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर ठेवा. गणनेचं मशीन मात्र वेगळंच हवं, नाहीतर एकाने रॅम खाल्ली की बाकीचे बोंबलत बसतात.

रेड 6 मध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो, पण चुकून पुसलेली फाइल परत येत नाही. बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा.

आणि हो, खारी हवा! खोली बंद, दमटपणा कमी, यूपीएस पावसाळ्याआधी तपासलेला.