वाचकांचे प्रश्न : वाइनची पेटी एका राज्यात पोहोचते, दुसऱ्यात का नाही?

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात गेलो होतो. एका वाइनरीत दोन पेट्या पसंत केल्या; एक शिकागोच्या मेहुण्यांसाठी, दुसरी सॉल्ट लेक सिटीतल्या आमच्या घरासाठी. मेहुण्यांची पेटी पाठवायला ते लगेच तयार झाले, आमचा पत्ता ऐकताच मात्र त्यांनी नकार दिला. देश एक, वाइनरी एक, पैसेही तेच. मग हा भेद कशासाठी?
— एक वाचक, युटा

उत्तर : वाइनरीने तुम्हाला उगाच अडवलेले नाही. अमेरिकेत दारूच्या बाबतीत शेवटचा शब्द माल ज्या राज्यात उतरतो त्या राज्याचा असतो, आणि याचे मूळ दारूबंदी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीतच आहे. डिसेंबर १९३३ मध्ये मंजूर झालेल्या एकविसाव्या घटनादुरुस्तीच्या पहिल्या कलमाने देशव्यापी दारूबंदी उठवली; परंतु दुसऱ्या कलमाने, एखाद्या राज्याच्या कायद्याचा भंग करून त्या राज्यात मादक पेये आणण्यास मनाई केली. बंदी उठली ती देशाची. आपापल्या सीमेच्या आत काय चालू द्यायचे हे राज्यांच्या हाती राहिले. बहुतेक राज्यांनी तेव्हा उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ विक्रेता अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था स्वीकारली. वाइनरीने थेट तुमच्या दारी पेटी पाठवणे म्हणजे या मधल्या दोन पायऱ्या ओलांडणे, आणि तशी मुभा राज्याने कायदा करून दिली तरच मिळते.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयने ती दिली आहे. बाहेरची वाइनरी तिथला परवाना घेते, कर भरते आणि ठरलेल्या मर्यादेत ग्राहकाला माल पाठवते. युटाने दिलेली नाही. तिथे वाइनची विक्री प्रामुख्याने राज्याच्या स्वतःच्या दुकानांतून होते, आणि हवी ती वाइन तिथे नसल्यास त्याच दुकानांमार्फत विशेष मागणी नोंदवावी लागते. राज्याचीच दुकाने असली की घरपोच वाइन अशक्य ठरते, असे मात्र समजू नका. पेनसिल्व्हेनियातही वाइनच्या विक्रीवर राज्याच्या दुकानांची पकड आहे. तरीही त्या राज्याने २०१६ मध्ये कायदा बदलून परवानाधारक वाइनरींना थेट ग्राहकाकडे माल पाठवू दिला. एका वाइनरीकडून एका व्यक्तीला वर्षाला ३६ पेट्या एवढी ती मर्यादा आहे, आणि मला तर ती मर्यादा कमी आणि सवलतच जास्त वाटते.

प्रश्न : २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाला थेट वाइन मागवण्याचा हक्क दिला, असे मी वाचले होते. मग राज्ये त्या निकालाला जुमानत नाहीत काय?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : निकाल खरा, पण त्याचा जो अर्थ लोकांच्या तोंडी रुळला आहे तो जरा ऐसपैस आहे. ‘ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड’ या प्रकरणात मिशिगन आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांचे कायदे न्यायालयापुढे होते. आपल्या राज्यातील वाइनरींना ही राज्ये ग्राहकाला थेट माल पाठवू देत. परराज्यातील वाइनरींना मात्र मिशिगन पूर्ण मज्जाव करी, तर न्यूयॉर्क, आमच्या राज्यात शाखा, कार्यालय किंवा कोठार उघडा तरच पाठवा, अशी अट घाली. १६ मे २००५ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने दोन्ही कायदे रद्द ठरवले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला. आंतरराज्य व्यापाराचे नियमन घटनेने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, सोपवले आहे, आणि घरच्यांना एक न्याय व बाहेरच्यांना दुसरा अशा पक्षपाताला एकविसावी घटनादुरुस्ती संरक्षण देत नाही, हे त्याचे सार होय.

थोडक्यात, बंदी आली ती दुजाभावावर. दार उघडण्याची सक्ती कोणत्याच राज्यावर झाली नाही. घरच्या आणि बाहेरच्या दोन्ही वाइनरींना सारखीच परवानगी देणारे राज्य जसे या निकालाच्या चौकटीत बसते, तसे दोघींनाही सारखीच मनाई करणारे राज्यही बसते. निकालानंतर न्यूयॉर्कने पहिला मार्ग धरला आणि परवाना घेणाऱ्या बाहेरच्या वाइनरींना वाट मोकळी केली.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट अधिक गमतीची आहे. त्या राज्याने असा नियम केला की वर्षाला ३०,००० गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार लिटरपेक्षा, जास्त वाइन काढणाऱ्या वाइनरीने एक तर वितरकामार्फत विकावे किंवा थेट ग्राहकाला. दोन्ही एकदम चालणार नाही. कागदावर यात ‘परराज्य’ हा शब्दही नव्हता. फक्त योगायोग असा, की राज्यातील एकही वाइनरी त्या आकड्याच्या वर नव्हती! संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये या चातुर्याला दाद दिली नाही आणि नियम घटनाबाह्य ठरवला. अखेर २०१५ च्या जानेवारीपासून तिथे मोठ्या-लहान वाइनरींना सारख्या अटींवर परवाने मिळू लागले.

परवानगी असली तरी अडचणी उरतातच. प्रत्येक राज्याचा परवाना निराळा, अबकारी आणि विक्रीकराचे हिशेब निराळे, पेट्यांची मर्यादा निराळी. वर्षाकाठी जिथे चार-दोन पेट्यांचीच मागणी येते, त्या राज्याचा परवाना काढणे छोट्या वाइनरीला परवडत नाही. त्यामुळे कायदा अनुकूल असूनही नकार येऊ शकतो.

प्रश्न : इंडियानातील एका दुकानात मला हवी ती जुनी वाइन मिळते, पण ते दुकान मिशिगनला माल पाठवत नाही. वाइनरीला चालते ते दुकानाला का चालू नये?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : कारण २००५ चा निकाल उत्पादकांविषयी होता, आणि दुकानदारांना तो तितकाच लागू होतो की नाही यावर अजून वाद सुरू आहे. तुमच्याच राज्याने २०१७ मध्ये मिशिगनमधील दुकानांना राज्याच्या आत घरपोच वाइन पाठवण्याची मुभा दिली आणि बाहेरच्या दुकानांना दिली नाही. इंडियानातील एका विक्रेत्याने त्याविरुद्ध दाद मागितली. मात्र २०२० मध्ये अपील न्यायालयाने मिशिगनची बाजू उचलून धरली. राज्यातील दुकान राज्यातील वितरकाकडूनच माल घेते, त्यामुळे त्याच्यावर देखरेख ठेवता येते, तशी बाहेरच्या दुकानावर ठेवता येत नाही, असा तो युक्तिवाद होता. मला तो पूर्णपणे पटत नाही. बाहेरच्या वाइनरीवर परवान्याच्या जोरावर देखरेख ठेवता येत असेल, तर दुकानावर का ठेवता येऊ नये? शिवाय २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दारूच्या दुकानाचा परवाना मागणाऱ्याने आधी दोन वर्षे राज्यात राहिलेले असावे, ही टेनेसीची अट सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली, तेव्हा २००५ चे तत्त्व केवळ उत्पादकांपुरते नाही असे सूचित केले होते. तरीही आज मिशिगनपुरते उत्तर नकाराचेच आहे.

प्रश्न : घरी असलेली एक बाटली मित्राला भेट म्हणून टपालाने पाठवली तर?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पाठवू नका. अमेरिकी टपालातून मादक पेये पाठवण्यास संघीय कायद्याचीच मनाई आहे, आणि मोठ्या खासगी कुरिअर कंपन्या अशी पार्सले फक्त करार केलेल्या परवानाधारक विक्रेत्यांकडूनच स्वीकारतात. मित्राच्या राज्यात परवानगी असलेल्या वाइनरीतून त्यांच्या नावे मागणी नोंदवणे हा सरळ मार्ग होय. पार्सल दाराशी ठेवून जाता येत नाही, २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची सही लागते. म्हणून दिवसा कोणी घरी नसेल तर मित्राच्या कार्यालयाचा पत्ता द्यावा.