पट्टा हातात घेतला की…

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर दोन वर्षांचा आहे. पट्ट्याला हात लावला की तो घरभर धावत सुटतो, भुंकतो, अंगावर उड्या मारतो. ‘चल, चल, फिरायला जायचं ना?’ असं म्हणत मी त्याला समजावते, पण तो आणखीच चेकाळतो. रोज तासभर चेंडू फेकून दमवते, तरी घरी आल्यावर स्वस्थ बसत नाही. त्याचा स्वभावच असा आहे का?

उत्तर : या वयाच्या लॅब्रॅडॉरच्या अंगात रग असणारच. पण तुमचं ‘चल, चल’ मी दोनदा वाचलं. माझ्या कुत्रीला, चिंगीला, मीही त्याच चढ्या सुरात हाक मारायचे. आपल्याला वाटतं आपण समजावतोय. त्याला वाटतं, हीसुद्धा माझ्यासारखीच खूश झालीय!

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ चं नोबेलही मिळालं. त्यांच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडायच्या आधी, ते आणणारा माणूस दिसला तरी कुत्र्यांना लाळ सुटते. तुमचा पट्टा म्हणजे तो माणूस. चिंगीच्या बाबतीत तर गोष्ट माझ्या मोज्यांपर्यंत गेली होती. मोज्यांचा खण उघडला की ती दाराशी हजर.

मग मी दिवसातून चार-पाच वेळा पट्टा काढून मांडीवर घ्यायचे आणि पेपर वाचत बसायचे. कधी चपला घालून स्वयंपाकघरात जायचे. पहिले काही दिवस तिने गोंधळ घातला. मग नुसती मान वर करून बघायची, पुढे तेही सोडलं.

खरोखर निघायच्या वेळी मात्र धीर धरा. उड्या चालू असताना पट्टा अडकवलात, तर उड्या मारल्या की दार उघडतं हेच तो शिकेल. रागावूही नका, त्याला तो आपल्या भुंकण्याला मिळालेला प्रतिसाद वाटतो. चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत गप्प उभ्या राहा. सुरुवातीला उड्या वाढतील, तेव्हा माघार घेऊ नका. आणि हे घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवं. चारदा नाही आणि पाचव्यांदा हो, असं झालं तर सवय उलट घट्ट होते.

चेंडूचं म्हणाल, तर मला तासभर फेकणं पटत नाही. पुन्हा पुन्हा धावून अंग दमतं, पण डोकं तापलेलंच राहतं. पाच-सहा वेळा फेका आणि उरलेला वेळ त्याला मनसोक्त हुंगू द्या, एकाच झुडपापाशी पाच मिनिटं थांबला तरी ओढू नका. घरी आल्यावर चघळायला काही द्या. पूर्ण वाढलेली कुत्री दिवसाचे १२ ते १४ तास झोपतात, तेव्हा तो पडला असेल तर मुद्दाम खेळायला उठवू नका.

सुरुवात उद्याच्या फेरीपासून नको. आज दुपारी, कुठेही जायचं नसताना, पट्टा घ्या आणि बसून राहा.