अवतरणचिन्हाची कळ दाबल्यावर काहीच उमटत नाही आणि पुढच्या अक्षरावर तिरकी रेघ येते. कीबोर्ड बदलावा लागेल का?

कीबोर्ड बदलू नका आणि लॅपटॉप दुकानातही नेऊ नका, कारण तुमच्या यंत्रात बिघाड झालेला नाही. ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ हा कळफलक चालू आहे आणि तो त्याला नेमून दिलेले काम करतो आहे. हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, नेमक्या याच गोष्टीवरून मी एकदा भर कार्यालयात निष्काळजी ठरले होते.

मी तेव्हा पुण्यातल्या एका खाजगी कंपनीत माहितीसाठ्याचे काम करीत असे. ग्राहकांची यादी भागानुसार काढायची, म्हणजे भागाचे इंग्रजी नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहून क्वेरी, म्हणजे माहितीसाठ्याला विचारायचा लेखी प्रश्न, चालवायची, एवढेच ते काम होते. औंधची यादी काढताना मात्र क्वेरी प्रत्येक वेळी चुकत असे. सुरुवातीचे अवतरणचिन्ह नाहीसे होई आणि पहिल्या ‘ए’वर रेघ उमटे. मी तक्रार केली तेव्हा आमचे वरिष्ठ माझ्या खुर्चीवर बसले, त्यांनी ‘कोथरूड’ टाइप केले, क्वेरी बिनचूक चालली, आणि ‘तुम्ही अवतरणचिन्ह उघडायचे विसरता’ असे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले. त्यांच्या हातून एकदाही चूक झाली नाही, म्हणून माझे म्हणणे कोणालाच पटेना.

त्या संध्याकाळी मी थांबून भागांची नावे एकामागून एक टाइप करून पाहिली. कोथरूड, बाणेर, पाषाण, हडपसर ही सगळी ठीक होती. औंध, आकुर्डी, एरंडवणे, उरुळी, येरवडा ही सगळी बिघडत होती, आणि चिंचवडच्या ‘सी’ला तर खाली शेपटी फुटत होती. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर आणले की उलगडा होतो. अवतरणचिन्हानंतर स्वर, ‘वाय’ किंवा ‘सी’ आला तर विंडोज त्या दोहोंचे मिळून एक अक्षर करते. ‘के’, ‘बी’, ‘पी’, ‘एच’ यांच्याशी अशी जोडी जमत नाही, म्हणून तिथे चिन्ह आणि अक्षर दोन्ही एकदम उमटतात. कोथरूडने वरिष्ठांना का साथ दिली, ते मला त्या क्षणी समजले.

घरी बाबांना सांगितले तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटले नाही. ते मराठी टंकलेखन यंत्रावर शिकलेले, आणि त्या यंत्रावर पहिली वेलांटी आधी मारावी लागे व व्यंजन नंतर. (संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकात हाच क्रम उलटा, आधी व्यंजन आणि मग वेलांटी.) युरोपीय टंकलेखन यंत्रांवरची ‘डेड की’ही अशीच आधी मारायची असते. ती कळ दाबली की कागदावर चिन्ह उमटते, पण गाडी पुढे सरकत नाही, त्यामुळे पुढचे अक्षर त्याच चिन्हाखाली येऊन बसते. संगणकाने ती पद्धत जशीच्या तशी उचलली, फक्त चिन्ह तोपर्यंत पडद्यावर दिसत नाही.

तो कळफलक मीच बसवला होता. मी तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत होते आणि गृहपाठ त्याच लॅपटॉपवर करीत होते. वरिष्ठांना मी सगळी नावे टाइप करून दाखवली, तेव्हा त्यांनी चूक मान्य केली नाहीच, उलट ‘पुण्यात बसून या परदेशी रेघा कशाला हव्यात, काढून टाका’ असे सुनावले. हे मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. फ्रेंचमध्ये ‘ओ’ आणि ‘यू’ ही अक्षरे साधी लिहिली तर अर्थ ‘किंवा’ होतो आणि ‘यू’वर उलटी रेघ दिली तर ‘कुठे’. जर्मनमध्ये ‘ओ’वरची दोन टिंबे गाळली तर ‘सुंदर’चे ‘आधीच’ होते. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत गल्लत करणाऱ्याचे कान धरतो, मग दुसऱ्याच्या भाषेतली रेघ फालतू कशी? ज्या शहरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, तिथे तरी हा प्रश्न पडू नये. रोमन लिपीत संस्कृत लिहिताना ‘ए’वरची आडवी रेघ गाळली तर राम आणि रम यांत फरकच उरत नाही. (ही आडवी रेघ इंटरनॅशनल कळफलकावर मिळत नाही, तिची सोय वेगळी करावी लागते, पण मुद्दा तोच आहे.)

आता तुमच्यापुरते सांगते. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’, आणि तिथे इंग्लिशसमोरच्या तीन टिंबांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा. आधी साधा ‘यूएस’ कळफलक जोडा, कारण एकुलता एक कळफलक विंडोज काढू देत नाही. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांतले काहीच लिहायचे नसेल, तर इंटरनॅशनल काढून टाका. लिहायचे असेल तर दोन्ही ठेवा आणि विंडोज व स्पेस या कळा एकत्र दाबून बदलत जा. मी आजही हेच करते. क्वचितच एखादे अवतरणचिन्ह हवे असेल तर ती कळ दाबून स्पेस दाबली तरी पुरते. लिनक्सवर इंटरनॅशनलचा ‘अल्टजीआर’ प्रकार निवडा, त्यात या कळा उजव्या ऑल्टच्या आड जातात आणि साधे अवतरणचिन्ह लगेच उमटते. मॅकवर ‘एबीसी’ कळफलक घ्या आणि रेघेचे अक्षर हवे असेल तेव्हा मूळ अक्षराची कळ दाबून धरा. यासाठी कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र कळफलक काढण्याआधीच तपासा. तुमच्या एखाद्या पासवर्डात अवतरणचिन्ह आणि त्यापाठोपाठ स्वर असेल, आणि तो तुम्ही हाच कळफलक चालू असताना ठरवला असेल, तर प्रत्यक्षात तिथे रेघेचे एकच अक्षर नोंदले गेले असण्याची शक्यता आहे. साध्या ‘यूएस’वर त्याच कळा दाबल्या की दोन वेगळी चिन्हे जातील आणि पासवर्ड चुकीचा ठरेल. म्हणून असे पासवर्ड आधी बदलून घ्या, लॉगिनच्या पडद्यावर कोणता कळफलक निवडलेला आहे तेही पाहा, आणि मगच तो काढा.